वहीत निदान लिहू नका! अंगणवाडी आणि बालवर्तन शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

कोर्सला नुकतंच लागलेल्या माणसाची निरीक्षण वही उघडा. पहिल्याच पानावर बहुतेक वेळा हे सापडतं: ‘मूल हट्टी आहे. घरी लाड होतात. लक्ष लागत नाही.’ तीन वाक्यं आणि तिन्ही निकाल. मुलानं नेमकं केलं काय, ते पानभर शोधूनही मिळत नाही.

वहीला चार रकाने पाडा. वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर कोणी काय केलं. ‘हट्टी’ हा शब्द यातल्या एकाही रकान्यात बसत नाही, म्हणूनच ही आखणी कामाची. ‘१०.४०. सेविकेनं ठोकळे आवरले. दोन ठोकळे फेकले, जमिनीवर लोळला, अंदाजे ३ मिनिटं रडला. सेविकेनं ठोकळे परत दिले, रडणं थांबलं.’ अशी एक नोंद दहा विशेषणांना भारी पडते, कारण शेवटचा रकाना वाचला की रडण्याची किंमत काय मिळते ते कळतं. अशा १०-१५ नोंदी हव्यात, त्याही किमान ५ दिवसांच्या आणि वेगवेगळ्या वेळांच्या. आणि त्या जागेवरच लिहायच्या. संध्याकाळी एसटीत बसून आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते, सगळ्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच सुरात असतात.

घाईनं काय होतं ते बघा. यवतमाळकडच्या एका गावात एका प्रशिक्षणार्थीनं तिसऱ्याच दिवशी साडेतीन वर्षांच्या पोराबद्दल लिहिलं, ‘नावाला प्रतिसाद नाही, स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं.’ लिहून थांबली असती तरी चाललं असतं. पण आहार न्यायला आलेल्या चार बायकांसमोर तिनं ते आईला सांगूनही टाकलं. पोरगं आठ दिवस अंगणवाडीत फिरकलं नाही, आजीनं कुठून तरी अंगारा आणला. पर्यवेक्षिका घरी गेली तेव्हा आई म्हणाली, “मॅडम, त्या नावानं त्याले घरी कोनी हाकच मारत नाही. गुड्ड्या म्हना ना.” पटावर होतं आधार कार्डावरचं भारदस्त नाव. मागून, पाच फुटांवरून, हळूच दोनदा ‘गुड्ड्या’ म्हटलं तर पोरगं दोन्ही वेळा वळून बघतं! अख्ख्या निदानाचा पाया एका नावावर उभा होता.

म्हणून शंका आली की आधी घरचं नाव विचारा. मग कान बघा. कान वाहतो का, सर्दी किती दिवसांची आहे, तोंड न दाखवता मागून हाक मारली तर वळतो का. कान वाहणारं मूल आज ऐकतं, उद्या ऐकत नाही, आणि आपण त्याला ‘मनमानी’ म्हणून मोकळे होतो. त्यानंतर भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरातलं मूल मराठी प्रश्नाला गप्प बसलं तर त्याला ‘बोलत नाही’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार? घरच्या माणसाला सोबत बसवा, त्याच्या भाषेत विचारायला लावा. एवढं करूनही शंका उरली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. अंगणवाडीत त्यांची तपासणी वर्षातून दोनदा असते, पण त्यांची वाट बघत सहा महिने घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. मोबाइलवर सापडलेली एम-चॅट, म्हणजे स्वमग्नतेची शंका तपासायची प्रश्नावली, चार वर्षांच्या मुलाला लावणारेही भेटतात. त्यातले २० प्रश्न १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहेत, आणि त्यातून फक्त चाळणी होते, निदान नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे ‘दुर्लक्ष करून बघितलं, उपयोग नाही झाला’. किती दिवस? तीन! ज्या रडण्यावर आजवर बिस्कीट मिळत आलं, ते अचानक बंद केलं की रडणं आधी वाढतं. आवाज चढतो, लोळण लांबते. नवखा माणूस नेमका इथेच हात टेकतो, चौथ्या दिवशी बिस्कीट देतो आणि पोराला धडा मिळतो की थोडं जास्त ओरडलं की जमतं. सुरू करण्याआधी सेविका, मदतनीस आणि घरची आजी, तिघींचं एकमत करा. आजी राजी नसेल तर सुरूच करू नका. नुसतं दुर्लक्षही पुरत नाही, ‘मला दे’ म्हणणं किंवा हात पुढे करणं शिकवा आणि तसं मागितल्याबरोबर द्या. डोकं आपटणं, चावणं, रस्त्यावर पळणं यांकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही. तिथे आधी मुलाला आवरा, वही नंतर.

फी भरण्याआधी मान्यता न बघणं ही तर जुनी रडकथा. तालुक्याच्या गावी फ्लेक्सवर ‘शासनमान्य’ लिहायला काय लागतं? विशेष शिक्षणाचा किंवा पुनर्वसनाचा कोर्स असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत संस्था, कोर्स आणि चालू सत्र, तिन्ही तपासा. पूर्वप्राथमिक शिक्षक पदविकेसाठी एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता बघा. सहा महिन्यांच्या समुपदेशन प्रमाणपत्रावर दारात ‘मानसशास्त्रज्ञ’ पाटी लावणारे शिकाऊ कमी नाहीत. ते करू नका.

तक्ते मोठ्यांच्या उंचीला टांगू नका, अडीच-तीन फुटांवर लावा. तीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वही देऊ नका. मुलांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका.

मोजायला गुंजा आणि एरंडीच्या बिया आणू नका. दोन्ही विषारी आहेत आणि दिसायला इतक्या छान की तोंडात जाणारच. तीन वर्षांखालच्या गटात चिंचोके आणि सीताफळाच्या बियाही नकोत, घशात अडकतात.

आणि मुलानं कोणी चुकीचा हात लावल्याचं सांगितलं तर उलटतपासणी घेऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिकाऊ माणसालाही. ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांची वाट बघू नका, १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन लावा.