मॅकवर स्टीम आणि विंडोजचे गेम: आधी काय तपासायचं, मग काय टाकायचं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नाशिकहून आमच्याकडे आला आणि माझा मॅकबुक बघून त्याचं पहिलं वाक्य, "मामा, यावर गेम चालत नाहीत ना?" घरी पीसीवर त्याचा विचर ३ अर्धा झालेला, आणि पुढचे चार दिवस तो हातात नाही याचंच त्याला वाईट वाटत होतं. मी म्हटलं जेवून घे, रात्री लावून देतो. आणि रात्री साडेदहाला तो त्याच्याच सेव्हमधून पुढे खेळत होता. तेव्हापासून ऑफिसातले दोघं, सोसायटीतला एक जण, चुलतभाऊ, प्रत्येकाला फोनवर हेच सांगत बसलोय, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी तुमचा मॅक कुठला आहे ते बघा, डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर क्लिक करून अबाउट धिस मॅक उघडलं की कळतं. तिथे इंटेल लिहिलं असेल तर तुमचा रस्ता वेगळा आहे, बूट कॅम्प वापरून त्यावर खरोखरचं विंडोज टाकता येतं आणि जुन्या गेमसाठी त्याच्याइतकं सरळ काही नाही. एम१, एम२ किंवा त्यापुढची चिप असेल, म्हणजे नोव्हेंबर २०२० नंतर आलेली मशिन्स, तर बूट कॅम्प मिळत नाही, आणि पुढचं सगळं त्यांच्यासाठीच आहे. रॅम किती तेही तिथेच बघून घ्या. ८ जीबीवर हलके आणि जुने गेम चालतात, पण मोठे गेम खेळायचे तर १६ जीबी पाहिजेच, कारण या मशिन्समध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं त्याच मेमरीतून खातात.

मग दुसरी पायरी, जी बहुतेक लोक गाळतात. गेम मॅकसाठी मुळातच आलाय का ते बघा! स्टीम, म्हणजे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान, मॅकवर २०१० च्या मे महिन्यापासून आहे, स्टीमच्या साइटवरून डाउनलोड करायचं, ॲप्लिकेशन्समध्ये ओढायचं, लॉगिन करायचं, संपलं. दुकानात गेमच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसलं की तो मॅकवर आहे, आणि तुम्ही तो आधी विंडोजसाठी घेतला असेल तर पुन्हा पैसे द्यायचे नाहीत, त्याच खात्यावर मॅकची आवृत्ती उतरते. बाल्डर्स गेट ३, नो मॅन्स स्काय, डिस्को एलिसियम, स्टारड्यू व्हॅली, फॅक्टोरिओ हे सगळे असेच आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये सायबरपंक २०७७ सुद्धा आला, त्याला एम१ आणि १६ जीबी ही किमान अट आहे. असा गेम असेल तर पुढचं काही वाचू नका, सरळ तोच टाका, भाषांतर करून चालवलेल्या गेमपेक्षा तो कधीही बरा चालतो.

फक्त एक ध्यानात ठेवा. २०१९ मध्ये कॅटालिना हे मॅकओएस आलं तेव्हा ॲपलने जुन्या पद्धतीचे, ३२ बिटचे ॲप बंद केले, त्यामुळे पोर्टल २ सारख्या जुन्या गेमच्या पानावर मॅकचं नाव असलं तरी आजच्या मॅकवर तो उघडत नाही. गंमत अशी की त्याचीच विंडोजची आवृत्ती खाली सांगितलेल्या पद्धतीने चालते.

आता मुख्य काम. विंडोजचा गेम मॅकवर चालवायचा म्हणजे मध्ये तीन दुभाषे बसवायचे असं समजा. वाइन हा पहिला, १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प, गेम विंडोजकडे जे मागतो ते हा मॅकच्या भाषेत मागून देतो. दुसरा रोझेटा, गेम लिहिलेला असतो इंटेलसारख्या प्रोसेसरसाठी आणि आपली चिप आहे एआरएम, तर ते रूपांतर हा करतो. तिसरा ग्राफिक्सवाला, डायरेक्टएक्सचं (विंडोजची ग्राफिक्सची पद्धत) मेटलमध्ये (ॲपलची पद्धत) करणारा, आणि अडचण जास्त करून इथेच यायची. जून २०२३ मध्ये ॲपलने गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, ते खरं म्हणजे डेव्हलपर लोकांना आपला गेम मॅकवर कसा चालेल ते बघता यावं म्हणून होतं, पण त्यातलं डी३डीमेटल, म्हणजे हाच ग्राफिक्सचा दुभाषा, हातात आलं आणि डायरेक्टएक्स १२ चे गेम एकदम आवाक्यात आले. पुढच्या वर्षी सेकोया या मॅकओएससोबत रोझेटाला एव्हीएक्स२ (इंटेलसारख्या प्रोसेसरच्या काही खास सूचना) समजायला लागलं, मग जे गेम उघडताच बंद पडायचे त्यातलेही बरेच चालू झाले. म्हणून मॅकओएस जुनं ठेवून हे करत बसू नका, आधी अपडेट करा.

हे तिन्ही एकत्र जोडून देणारं ॲप म्हणजे क्रॉसओव्हर, कोडवीव्हर्स या कंपनीचं. पैसे पडतात, पण १४ दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि ही कंपनी वाइनमध्ये स्वतः मोठं काम करते, लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनसाठी स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीबरोबर हेच लोक होते, म्हणून मला ते पैसे योग्य जागी गेले असं मनापासून वाटतं. यूट्यूबवर अजूनही खूप व्हिडिओ व्हिस्की नावाचं फुकट ॲप टाकायला सांगतात, ते छानच होतं, पण २०२५ मध्ये ते बनवणाऱ्यानेच काम थांबवलं आणि लोकांना क्रॉसओव्हरकडे जायला सांगितलं, तर आज नव्याने सुरू करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

क्रॉसओव्हर डाउनलोड करून ॲप्लिकेशन्समध्ये ओढा आणि उघडा, रोझेटा नसेल तर मॅक स्वतःच विचारतो, हो म्हणा. ट्रायल निवडा. मग इन्स्टॉलवर जाऊन शोधायच्या जागी स्टीम टाइप करा, यादीत येतं, ते निवडून इन्स्टॉल करा. आता तो एक बॉटल बनवतो, बॉटल म्हणजे एका फोल्डरमधलं छोटंसं बनावट विंडोज, त्यात सी ड्राइव्ह वगैरे सगळं असतं. मध्ये मध्ये फॉन्ट आणि इतर गोष्टींच्या खिडक्या उघडतील, प्रत्येकीला नेक्स्ट, ओके करत जा, मधेच कॅन्सल करू नका. शेवटी विंडोजचं स्टीम उघडतं आणि लॉगिन मागतं. फोनवर स्टीम गार्डचा कोड पुन्हा येईल, कारण स्टीमच्या दृष्टीने हा नवा कॉम्प्युटर आहे. मॅकचं स्टीम चालू असेल तर आधी बंद करा, दोन्ही उघडी राहिली की कुठल्यात काय टाकतोय याचा गोंधळ होतो. विंडोजच्या स्टीमची विंडो काळीच राहिली तर बॉटलमधलं सगळं बंद करून पुन्हा उघडा, आणि क्रॉसओव्हर नवीनातलं नवीन आहे ना ते बघा.

पुढे नेहमीसारखंच, लायब्ररीत गेम निवडायचा आणि इन्स्टॉल. विचर ३ ला साधारण ५० जीबी जागा लागते, म्हणून २५६ जीबीवाल्यांनी आधी जागा मोजा. मी बाहेरची एसएसडी वापरतो, एपीएफएस या मॅकच्या स्वतःच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली, आणि केबल चांगली घ्या हो, माझी पहिली केबल फक्त चार्जिंगच्या लायकीची निघाली आणि गेम लोड व्हायला इतका वेळ लागायचा की मी उगाच सेटिंग्जमध्ये चूक शोधत बसलो होतो.

सेटिंग्जचं सांगतो. क्रॉसओव्हरमध्ये बॉटल निवडली की बाजूला ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज दिसतात, तिथे ग्राफिक्ससमोर ऑटो, डी३डीमेटल, डीएक्सएमटी, डीएक्सव्हीके असे पर्याय असतात, हे सगळे त्या तिसऱ्या दुभाष्याचेच प्रकार. ऑटोने सुरू करा. डायरेक्टएक्स १२ चा गेम असेल तर डी३डीमेटल, डायरेक्टएक्स ११ चा असेल तर डीएक्सएमटी आणि डी३डीमेटल दोन्ही करून बघा, ज्यात बरा चालेल तो ठेवा. एमसिंक चालू ठेवा, त्याने प्रोसेसरवरचा ताण कमी होतो. हाय रेझोल्युशन मोड बंद ठेवा, हा चालू असला की रेटिनाचे सगळे पिक्सेल काढत बसतो आणि मशीन दमतं. एकावेळी एकच गोष्ट बदला, बदलली की बॉटल रीस्टार्ट करा आणि मगच गेम उघडा. आमच्या भाच्याच्या वेळी पहिल्यांदा आवाज येत होता पण स्क्रीन काळी, तो म्हणाला "मामा, राहू दे आता". गेमच्या लाँचरमध्ये डायरेक्टएक्स १२ च्या जागी ११ निवडलं, डीएक्सएमटी लावलं आणि चित्र आलं.

मग खालच्या कोपऱ्यात स्टीम क्लाउड सिंक झालं आणि त्याचा नाशिकच्या पीसीवरचा सेव्ह यादीत सगळ्यात वर दिसला, तारखेसकट. स्टीमला हा विंडोजच वाटतो ना, त्यामुळे सेव्ह आपोआप येतात, काही कॉपी करावं लागत नाही. पोराने गेममधल्या नोव्हिग्राड शहराच्या बाजारात नेऊन उभा केला गेम, तिथे गर्दी असते, म्हणजे परीक्षा तिथेच. पहिली दहा मिनिटं अडखळत होता, हे होणारच, शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे प्रोग्राम, पहिल्यांदा तयार होत असतात, एकदा गल्ली फिरून झाली की दुसऱ्यांदा तिथे तसं होत नाही. एवढ्यावरून गेम वाईट चालतो असं ठरवून बंद करू नका. माझा एम२ एअर आहे, १६ जीबीचा, त्यावर मीडियम ग्राफिक्स, १४४० बाय ९०० आणि गेममधूनच सेकंदाला ३० फ्रेमची मर्यादा, एवढ्यावर तो तासन्‌तास टिकतो. एअरला पंखाच नाहीये, त्यामुळे साठ फ्रेमचा हट्ट धरला की अर्ध्या तासात तापून स्वतःच वेग कमी करतो, मे महिन्यात तर विचारूच नका. स्टँडवर उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. प्रो असेल तर एवढी काळजी नाही.

आणि कीबोर्ड! विचरमध्ये क्विक सेव्ह एफ५ वर आहे आणि या मॅकबुकवर एफ५ दाबलं की डिक्टेशनचा माइक उघडतो. सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात फंक्शन कीजमध्ये जाऊन एफ१, एफ२ वगैरे साध्या फंक्शन कीसारख्या वापरा असं चालू करा, मग सेव्ह होतो. माउस लागतोच, ट्रॅकपॅडवर असले गेम खेळणं म्हणजे हाताला शिक्षा. कंट्रोलर असेल तर उत्तम, एक्सबॉक्सचा किंवा पीएस५ चा ब्लूटूथवर थेट जोडला जातो.

आता जे चालत नाही ते, आणि हे पैसे भरण्याआधी वाचा. ज्या गेममध्ये अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसतं ते या पद्धतीने चालत नाहीत, व्हॅलोरंट त्यातलाच, कितीही सेटिंग्ज बदला. काउंटर स्ट्राइक २ मॅकवर आलाच नाही, २०२३ मध्ये व्हॉल्वने सांगून टाकलं की मॅकवर खेळणारे एक टक्क्याहूनही कमी आहेत. जीटीए ५ चा स्टोरी मोड एकवेळ जमतो, ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय हे अँटीचीट बसवलंय, त्याची आशा सोडा. एल्डन रिंगसुद्धा ऑफलाइनच. मी स्वतः सेलमध्ये एक मल्टिप्लेअर गेम घेतला होता, लॉबीपर्यंत गेला आणि अँटीचीटने बाहेर काढलं. पण पैसे परत मिळाले, कारण स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हा नियम मॅकवाल्यांनी हक्काने वापरावा, गेम घेतला की त्याच दिवशी चालवून बघा, सेलमध्ये घेऊन सहा महिने तसाच ठेवू नका. घ्यायच्या आधी कोडवीव्हर्सच्या साइटवर गेमचं नाव टाकून त्याचे स्टार बघा आणि ॲपलगेमिंगविकीवर कोणत्या पद्धतीने चालतो ते वाचा.

एपिक या दुसऱ्या गेमच्या दुकानात दर गुरुवारी फुकट मिळणारे गेम जमवून ठेवलेत त्यांच्यासाठी हिरोइक गेम्स लाँचर आहे, फुकट आणि ओपन सोर्स, एपिक आणि जीओजी (तेही गेमचं दुकानच) दोन्ही खाती त्यात जोडता येतात, आणि क्रॉसओव्हरची बॉटलही त्याला दाखवता येते. पॅरलल्स या मॅकच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करणाऱ्या ॲपवर विंडोज ११ टाकूनही काही होतं, पण डायरेक्टएक्स १२ नाही, त्यामुळे फक्त गेमसाठी मी ते कुणाला सांगत नाही. घरात दुसरीकडे पीसी असेलच तर स्टीम लिंक टाकून त्यावरचा गेम मॅकच्या स्क्रीनवर खेळा, भारी गेमसाठी तेच सोपं.

पुढचं एक सांगून ठेवतो. ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलंय की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील, नंतर फक्त जुन्या गेमना लागेल तेवढाच भाग ठेवतील. त्यामुळे त्यापुढचं मोठं अपडेट आलं की लगेच दाबू नका, आधी क्रॉसओव्हरवाले काय म्हणतात ते बघा. आणि अपडेटच्या आधी बॉटलवर राइट क्लिक करून ती एक्स्पोर्ट करून एसएसडीवर ठेवा. आम्ही भाचा परत जायच्या आदल्या रात्री तेच केलं, कारण मे महिन्यात तो पुन्हा येणारे.