शासनसत्ता, धर्म आणि उदारमतवादाची पडझड : लिहिताना या चुका टाळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील निबंध व वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. शासन, धर्म आणि व्यक्तिस्वातंत्र्य हा विषय दिला की मुले भरभरून लिहितात, मात्र चुकतात ती ठरावीक ठिकाणीच. व्याख्यानमालेनंतर प्रश्न विचारणारी प्रौढ मंडळीही त्याच खड्ड्यांत पाय घालतात, आणि तरुणपणी मीही घातलेला आहे.

पहिला घोटाळा शब्दापाशीच होतो. ‘उदारमतवाद’ या शब्दातील ‘उदार’ पाहून कित्येक जण तो मनाच्या मोठेपणाशी किंवा दानशूरपणाशी जोडतात, तर काही जण थेट 1991 च्या उदारीकरणाकडे वळतात. अभिजात उदारमतवादाचा गाभा याहून सोपा आणि कठोर आहे. सत्ता राजाच्या हाती असो, परक्या सरकारच्या हाती असो वा आपणच निवडून दिलेल्या सरकारच्या हाती असो, ती कोठे थांबली पाहिजे, हा त्याचा मूळ प्रश्न आहे. धर्माचा विषय त्यात शिरतो तो याच वाटेने. युरोपात धर्मयुद्धांनी पिढ्या होरपळल्यानंतर, 1689 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लिखाणात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने असे मांडले की आत्म्याचा उद्धार हे शासनकर्त्याचे काम नव्हे, कारण श्रद्धा बळजबरीने उत्पन्न होत नाही. हे लिहिणारा लॉक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि नास्तिकांना सहिष्णुतेचा लाभ देण्याची त्याची तयारी नव्हती. त्यामुळे ‘उदारमतवाद म्हणजे धर्मविरोध’ असे समीकरण मांडून निबंध सुरू केला, तर पुढची सगळी इमारत तिरपी उभी राहते.

दुसरी चूक आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळची असल्यामुळे तिच्यापाशी मी जरा थांबतो. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म 1856 साली कराडजवळच्या टेंभू गावी झाला. संमतिवयाच्या कायद्याने 1891 साली शरीरसंबंधासाठी मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे केले. आगरकरांनी त्या कायद्याची बाजू घेतली आणि टिळकांनी त्याला विरोध केला. बहुतेक निबंधांत येथे ‘आगरकर उदारमतवादी, टिळक सनातनी’ असा शेरा मारून विद्यार्थी पुढे निघून जातो. प्रश्नाची खरी गाठ मात्र येथेच आहे. आमच्या धार्मिक व सामाजिक चालीरीतींत परक्या सरकारने कायद्याचा हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी, हा टिळकांचा युक्तिवाद वरवर पाहता शासनसत्तेला आवर घालणारा, म्हणजे उदारमतवाद्याला शोभणारा वाटतो. उलट आगरकर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज उदारमतवादी विचारवंतांचे वाचन केलेले, पण ते तर सरकारला घराच्या उंबरठ्याच्या आत बोलावत होते. मग उदारमतवादी कोण?

याचे उत्तर शोधताना, सत्तेपासून कोणाचे संरक्षण मागितले जात आहे, हे पाहावे. टिळकांच्या युक्तिवादात संरक्षण मिळत होते ते समाजाच्या रूढीला, आणि आगरकरांच्या युक्तिवादात ते मिळत होते स्वतःचे होय-नाही सांगू न शकणाऱ्या एका मुलीला. उदारमतवादाचे एकक व्यक्ती आहे, जात किंवा संप्रदाय नव्हे, आणि अल्पवयीन मुलांचे रक्षण करण्यास मिलनेही मुभा ठेवली होती. म्हणून माझा कौल आगरकरांच्या बाजूने आहे. तरीही एक अडचण शिल्लक राहते आणि ती निबंधात लपवू नये. हे हत्यार ज्या सरकारच्या हाती दिले जात होते, ते येथल्या कोणालाही उत्तरदायी नव्हते. समाजातील जुलूम मोडण्यासाठी शासनाला बळ द्यावे लागते आणि दिलेले बळ परत घेता येईलच असे नसते. या पेचाला जो विद्यार्थी हात घालतो, त्याला मी इतर उणिवा माफ करून गुण देतो.

मिलचा दाखला देतानाही थोडी सावधगिरी बाळगावी. हा गृहस्थ 1823 पासून 1858 पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता आणि त्याच्या मते स्वातंत्र्याचे त्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू होत नव्हते. त्या समाजांत आपले पूर्वज येत होते.

लोकांचे राज्य आणि मर्यादित राज्य ही एकच गोष्ट आहे, असे समजणे ही तिसरी चूक होय. नाना पाटलांच्या प्रतिसरकारविषयी अभिमानाने लिहिताना ती हमखास होते. ब्रिटिश सत्तेला झुगारून 1943 ते 1946 या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यातील गावांत या सरकारने न्यायनिवाडे केले, दारूला आळा घातला आणि भटजी, हुंडा व मानपान यांचा खर्च टाळून साध्या पद्धतीने ‘गांधी विवाह’ लावून दिले. ही कामे लोकहिताची होती, याबद्दल दुमत नाही. परंतु लग्न कसे लावावे आणि काय प्यावे यांत लक्ष घालणारी सत्ता ही लोकप्रिय असली तरी मर्यादित सत्ता नव्हती. ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी कोणत्या शिक्षेमुळे (गुन्हेगाराच्या पायांना पत्र्या ठोकण्याच्या) रुळल्याचे सांगतात, तेही येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या शिक्षेवर अपील नव्हते. याच्या शेजारी औंध संस्थान ठेवून पाहावे. अवघ्या 72 गावांच्या या संस्थानात 1939 साली संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना देऊन आपले अधिकार स्वखुशीने कमी करून घेतले. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल याच औंध संस्थानात मोडत होते, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो. एका गावाला चार-पाच वर्षांच्या अंतराने स्वतःला आखडणारी सत्ता आणि स्वतःला पसरवणारी सत्ता अशा दोन्ही पाहायला मिळाल्या, आणि लोकांना दोन्ही आपल्याच वाटल्या.

‘आपल्याकडे शासन आणि धर्म वेगळे आहेत’ हे वाक्य तर खोडूनच टाकावे. संविधानाचा अनुच्छेद 25 धर्मस्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवून देतो. समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची आणि हिंदू मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याची मुभाही तो शासनाला देतो. गावातील देवस्थानाच्या हिशेबांवर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने धर्माच्या ‘अत्यावश्यक’ प्रथांना संरक्षण दिले. त्यामुळे अमुक प्रथा धर्माला अत्यावश्यक आहे की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायाधीशांकडे आले. लॉकला हे फारसे रुचले नसते. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद 17 नसता, तर मात्र याच लॉकचा आधार घेऊन देवळांची दारे कितीतरी काळ बंद राहिली असती.

उदाहरण द्यायचेच असेल तर दूरचे कशाला हवे? बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची प्रथा होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तिला बंदी आली. या प्रसंगावर लिहिणारे एकतर ‘श्रद्धेवर घाला’ म्हणतात किंवा ‘अंधश्रद्धेचा पराभव’ म्हणतात. दोन्ही चुकीचे आहेत, कारण कायद्याने श्रद्धेला हात लावलेला नाही. नागाच्या प्रतिमेची पूजा आजही होते. बंदी आली ती मुक्या जिवाला पकडण्यावर आणि हाताळण्यावर. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणाऱ्या कायद्यांना मिलचाही पाठिंबा होता. मांढरदेवीच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरीत शेकडो भाविकांचे प्राण गेले. तशा ठिकाणी गर्दीचे नियमन करणे हे तर अगदी लहानात लहान शासनाचेही काम ठरते. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात राहून ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झुंज दिली आणि जो त्यांच्या हत्येनंतर 2013 साली झाला, तोही देव मानण्यावर बंदी घालत नाही. भीती, फसवणूक आणि इजा यांवर घालतो. मसुदा न वाचता त्याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिणाऱ्यांची संख्या सारखीच भरते.

आता पडझडीविषयी. ती एका वर्षात किंवा एका पक्षामुळे झाली, असे लिहू नये. ब्रिटनमध्ये 1906 साली सुमारे चारशे जागा जिंकलेला लिबरल पक्ष 1924 मध्ये चाळीस जागांवर आला. त्या मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले, आयकराचा मूळ दर सुमारे सहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर गेला, आणि 1916 साली सक्तीची लष्करभरती आणली ती लिबरल पंतप्रधानानेच. आपल्याकडे 1959 साली राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) पुढाकाराने स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने 1967 मध्ये लोकसभेच्या 44 जागा मिळवल्या, पण 1974 पर्यंत तो दुसऱ्या पक्षात विलीनही झाला. तेव्हा तत्त्वांचा पराभव शोधण्याआधी सवयींकडे पाहावे. आपापले काम सरकारने करून द्यावे, ही मागणी सुधारकानेही केली, भाविकानेही केली आणि उद्योजकानेही केली. आमच्या ऊसपट्ट्यात दोन कारखान्यांमधील हवाई अंतर सरकार ठरवते आणि उसाचा किमान दरही सरकारच ठरवते. हे सारे मान्य करणारा माणूस देवस्थानात प्रशासक नेमला गेला की शासनाच्या हस्तक्षेपावर तासभर बोलतो. त्याचा राग खोटा नसतो. तो फक्त उशिरा आलेला असतो.

शेवटची चूक किरकोळ आहे, पण तिने गुण जातात. ‘धर्मनिरपेक्षता 1976 साली संविधानात आली’ असे लिहू नये. 42 व्या घटनादुरुस्तीने तो शब्द त्या वर्षी उद्देशिकेत आला. धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद 25 ते 28 मात्र 26 जानेवारी 1950 पासून लागू आहेत.