कोसला पैशाच्या बाजूने वाचून बघा

भालचंद्र नेमाड्यांच्या कोसला कादंबरीवर लिहायला सांगितलं की आपल्या जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं अस्तित्ववाद, परात्मता (म्हणजे सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटणं) एवढं लिहून मोकळी होतात. चूक नाहीये ते, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर असा का झाला हे त्यातून काही कळत नाही. म्हणून १९६३ची ही कादंबरी एकदा पैसा धरून वाचा.

पहिल्यांदा नुसती वाचून काढा. दुसऱ्या वेळी वही घ्या आणि जिथे जिथे पैसा येतो तिथे तीन रकान्यांत लिहा, कोणी दिला, कशावर गेला, आणि तो खर्चून पांडुरंगला कोण व्हायचं होतं. तिसरा रकाना घाईत भरू नका, सगळा जीव त्यातच आहे. पुण्यात तो डिबेटिंगचा सेक्रेटरी होतो, हॉस्टेलचा प्रीफेक्ट होतो, गॅदरिंग अंगावर घेतो, मित्राच्या मेसच्या भानगडीत पडतो, सगळं कशासाठी तर कॉलेजात आपलं नाव व्हावं, आणि लोक त्याला वापरून घेतात, पैशाची ओढाताण होते, अभ्यासाची वाट लागते. नाव करायचं ते घरच्या पैशावर, आणि ज्या वडिलांशी पटत नाही त्यांच्याच पुढे हात पसरायचा! यावल-रावेरच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही, केळीचं पेमेंट आलं की पुण्याच्या रूमचं भाडं जातं आणि फोनवर बापाचा पहिला प्रश्न हिशोबाचाच असतो.

पुढे तो नाव कमावायचंच सोडून देतो. सिगारेटी, कॉफी, थकलेली बिलं. इथे वाया गेलेला पोरगा म्हणून पुढे जाऊ नका, खर्च चालूच आहे पण आता कोणाला दाखवायला नाही, हा फरक वहीत नोंदवा.

त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी आलात की वही मिटून ठेवा. तिथे तिन्ही रकाने रिकामे राहतात, राहू द्या, ओढूनताणून भांडवलशाही बसवायला गेलात तर मनीवर अन्याय होईल आणि तुमच्या वाचनावरही.

मग नापास होऊन आपल्या गावी, सांगवीला परत. ही हार का सुटका यात अडकू नका. पुण्यात कोणीतरी व्हायला पैसा लागत होता, गावात अमक्याचा मुलगा एवढं पुरतं, पण तेवढं त्याला स्वतःचं वाटतं का ते शोधा आणि उत्तर तिथूनच लिहायला घ्या, घडणीच्या कादंबरीची (नायक वाढत कसा घडतो ते सांगणारी) व्याख्या दुसऱ्या पॅराग्राफात आली तरी चालते.