लॉगिन लाइव्ह करण्याआधी

लाइव्ह जायच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधीच हे तपासायला बसा, कारण काही ठिकाणी डेटाबेसचं टेबलच बदलावं लागतं. आधी पासवर्ड. आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या अल्गोरिदमने हॅश होत असतील, म्हणजे मूळ पासवर्डऐवजी त्याचं उलट न फिरवता येणारं रूप साठवलं जात असेल, तर फार रेंगाळू नका. फक्त बीक्रिप्ट पहिल्या ७२ बाइट्सपुढचं बघत नाही, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे मराठीत लांबलचक पासवर्ड टाकला, तरी २४ चिन्हांनंतरचं सगळं वाया.

जेडब्ल्यूटी, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर देतो ते सही केलेलं टोकन, वापरताय? मग एचएस२५६ची (सही करायच्या अल्गोरिदमची) गुप्त की किमान ३२ रँडम बाइट्सची हवी, कंपनीचं नाव आणि पुढे १२३ नको. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या जुन्या कमिटमध्ये ती राहिली असेल, तर फाइल डिलीट करून भागत नाही, कीच बदला. अल्गोरिदम कोडमध्ये पक्का करा, टोकनच्या हेडरवर सोडू नका. अल्गोरिदमच्या जागी ‘नन’ लिहिलेलं, सहीच नसलेलं टोकन स्वतः बनवून पाठवा, ४०१ (‘ओळख पटली नाही’) हे उत्तर आलंच पाहिजे. मुदत, इश्यूअर (टोकन कुणी दिलं), ऑडियन्स (कुणासाठी दिलं) हेही तपासले जातायत का ते बघा. आणि पेलोड फक्त बेस६४ असतो, कुणीही उलगडून वाचतो, तेव्हा त्यात मोबाइल नंबर किंवा आधार नको.

खरी गोम टोकन परत घेण्यात, म्हणजे मुदतीआधी रद्द करण्यात आहे, आणि बहुतेक टीम नेमकं तेच पुढच्या स्प्रिंटवर ढकलतात. दर रिक्वेस्टसोबत जाणारं अ‍ॅक्सेस टोकन १०-१५ मिनिटांचं ठेवा. ते संपल्यावर नवं मिळवून देणाऱ्या रिफ्रेश टोकनचा हॅश डेटाबेसमध्ये ठेवा, दर वापराला नवं द्या, आणि जुनं पुन्हा आलं तर त्या लॉगिनची सगळी साखळी रद्द करा. इथे एक अडचण येते. लोकलमध्ये रेंज गेली, नवं टोकन फोनपर्यंत पोचलंच नाही, अ‍ॅपने जुनंच परत पाठवलं, की बिचारा युजर बाहेर! काही सेकंदांची सवलत ठेवावी, असं माझं मत. पासवर्ड बदलला की बाकीची सेशन्सही संपायला हवीत.

मग दोन खाती उघडा आणि एकाच्या टोकनने दुसऱ्याची ऑर्डर मागून बघा. टोकन खरं असलं म्हणजे हक्क असतोच असं नाही, आणि ही चूक लायब्ररी पकडत नाही.

शेवटी लॉग. यूआरएलमधून टोकन जात असेल, तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा नेहमीचा अ‍ॅक्सेस लॉग ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. जेडब्ल्यूटी बहुधा ई-वाय-जे (eyJ) या तीन अक्षरांनीच सुरू होतं. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एकदा लॉगिन करा, सगळ्या लॉगवर त्या अक्षरांचाच ग्रेप (शोधायची कमांड) मारा. एकही ओळ सापडली, तर लाइव्हची तारीख पुढे ढकला.