खाण बंद पडलेल्या गावात चुली पेटत्या कशा ठेवाव्यात

गावात कोणाच्या घरी चूल थंडावली आहे, हे पंचायतीच्या आधी किराणा दुकानदाराला कळतं. म्हणून मदतीची सुरुवात त्याच्या ओट्यावरून करावी.

मी हे गोव्यातल्या खाणींच्या भागातल्या अनुभवावरून लिहितो आहे. २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा थांबल्या, तेव्हा लोकांनी साठवणीतले पैसे मोडून दिवस काढले. मग सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणींच्या भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांतलं काम पुन्हा बंद झालं. या वेळी मोडायला काही उरलं नव्हतं. त्यातच ‘खाणी परत सुरू होतील’ या आशेवर खनिज वाहणारे ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांचे हप्ते आणि विमा भरला गेला, आणि त्या पैशांत घरातली डाळ, दूध, औषधं गेली. अशी घरं बाहेरून पाहता उपाशी वाटत नाहीत. स्लॅबचं घर, दारात ट्रक, आणि आत दोन्ही वेळा पेज.

आधी घरं शोधा

आमची पहिली चूक सांगतो. आम्ही देवळाच्या मंडपात शिधा वाटायला ठेवला आणि फोटोही काढले. ज्यांना खरी गरज होती, त्यांतलं निम्मंही कोणी तिकडे फिरकलं नाही. काल-परवापर्यंत देवळाच्या उत्सवाला वर्गणी देणारा माणूस त्याच मंडपात पिशवी घेऊन रांगेत उभा कसा राहील?

तेव्हा तीन माणसांना एकेकटं भेटा: दुकानदार, अंगणवाडी सेविका आणि शाळेतल्या बाई. कोणाची उधारी अचानक वाढली, कोणी दुकानात येणंच सोडलं, कोणतं मूल माध्यान्ह आहार दोनदा मागून घेतं, हे त्यांना ठाऊक असतं. मग घरी जा, शक्यतो बाईमाणसाला सोबत घेऊन. ‘जेवायला आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘आहे’ असंच येणार. त्याऐवजी ‘काल रात्री काय केलं होतं?’ असं विचारा. एका घरी या प्रश्नावर वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मुलांना पेज दिली, आम्हाला भूक नव्हती.’ ते घर यादीत सगळ्यात वर गेलं.

यादी ट्रकमालकांपाशी थांबवू नका. ट्रकचा चालक, क्लीनर, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवरचे खलाशी, टायर पंक्चर काढणारा, गॅरेजातला पोरगा, खाणीच्या रस्त्यावर चहाचा गाडा चालवणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारे परराज्यांतले मजूर, या सगळ्यांचं पोट खाणीवरच होतं. वहीत प्रत्येक घराची माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, म्हातारे आणि रोजची औषधं यांची नोंद करा. ही वही दोघांपेक्षा जास्त जणांच्या हाती जाऊ देऊ नका.

लहान मुलांचा दंड मोजून घ्या

सेविकेकडे दंडघेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असतं. अशा मुलाला शिध्यावर ठेवू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पायांवर सूज दिसली तरीही तेच करा. साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या मुलांकडे दर आठवड्याला लक्ष हवं.

मग रेशन

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अडचण अशी, की कार्ड चांगल्या दिवसांत काढलेलं असतं आणि त्यावर जुनं उत्पन्न असतं. त्यामुळे मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा ताजा दाखला काढणं हे पहिलं काम. दोन-चार घरांची कागदपत्रं एकत्र घेऊन स्वतः सोबत जा. माणूस एकटा गेला की एका कागदासाठी तीन फेऱ्या होतात आणि बसभाड्याला पैसे नसतात. कार्डावर सुनेचं, नवीन बाळाचं नाव आहे का, तेही तिथेच पाहा. परराज्यांतल्या मजुराचं कार्ड त्याच्या गावचं असलं, तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेखाली त्याला इथल्या दुकानात धान्य घेता येतं. बऱ्याच जणांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. धान्य नाकारलं, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा.

शिधा कधी आणि काय द्यायचा

थोडा हिशेब करा. पाच माणसांच्या घराला प्राधान्य कार्डावर २५ किलो मिळतात. बाजूला भाजी-डाळ नसली की माणसं भातावरच पोट भरतात आणि दिवसाला दीड किलोच्या वर तांदूळ लागतो. म्हणजे पंधरवडा उलटला की डबा रिकामा. म्हणून शिधा महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमाराला पोचवा. एक तारखेला सगळेच देतात.

रेशन सुरू असलेल्या घराला नुसता तांदूळ नेऊ नका. तूरडाळ, अळसांदे किंवा चवळी, खाद्यतेल, कांदे, गूळ, चहापूड, मीठ, चालत असेल तिथे सुकी मासळी, शिवाय साबण आणि सॅनिटरी पॅड. रेशन अजून लागलं नसेल तिथे उकडे तांदूळ हवेतच.

याहून चांगली पद्धत आम्हाला उशिरा सापडली. दुकानदाराकडे त्या घराच्या नावावर रक्कम जमा करायची. घरची बाई नेहमीसारखी पिशवी घेऊन येते, हवं ते निवडते आणि निघते. शेजारच्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. उधारीच्या ओझ्याखाली आलेलं दुकानही तगतं, आणि गावातलं दुकान बुडालं तर पुढच्या महिन्यात उधार देणारंही कोणी उरत नाही.

चतुर्थीच्या आधी एक फेरी जास्तीची करा. त्या महिन्यात माणसं सोनं गहाण टाकतात, पण गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतातच.

हक्काचे पैसे सोडू नका

कामावरून कमी केलेल्याला ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि उद्योग बंद झाल्याची भरपाई यांतलं काय लागू होतं, ते कामगार आयुक्तालयात लेखी विचारा. पाच वर्षं सलग सेवा झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते. कंत्राटी कामगारांनी गेटपास, हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण नोकरीचा पुरावा तेवढाच असतो. बँकेचा हप्ता थकणार असेल, तर थकण्याआधीच हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. घरात गृहिणी आणि म्हातारे असतील, तर गोवा सरकारच्या ‘गृह आधार’ आणि ‘दयानंद सामाजिक सुरक्षा योजना’ यांचे अर्ज भरले आहेत का, ते पाहा.

खाण कायद्यातल्या २०१५ च्या बदलानंतर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खाणमालक रॉयल्टीच्या प्रमाणात त्यांत पैसे भरतात, आणि ते आपल्याच भागासाठी असतात. पिण्याचं पाणी, मुलांचं पोषण, खाणीची माती साचलेल्या शेतांची दुरुस्ती अशा कामांची मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवा. शेतात गाळ असताना ‘आता शेती करा’ असं सांगून कोणाचं पोट भरत नाही.

घरातल्या माणसाकडेही पाहा

बोलेनासा झालेला, अंगणातल्या ट्रकजवळ तासन्‌तास बसणारा, दारू वाढलेला माणूस दिसला, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि दिवसरात्र चालू असतो. फोन आपण लावून द्यावा.

शिधा कधी थांबवायचा

काम मिळालं म्हणजे पैसे मिळाले, असं नसतं. पणजीला किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेल्या माणसाचा पहिला पगार यायला महिना-दीड महिना जातो, आणि तोवर रोजचं बसभाडं घरातूनच जातं. वहीतलं नाव कमी करायचं ते तो पगार हातात पडून दुकानातली थोडी उधारी फिटल्यावर, आणि तेही घरच्या बाईला विचारूनच.