आपल्या धंद्याचं डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं, तर काय करायचं?

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की हे प्रकार उघडकीला येतात. देवगडचा बागायतदार किंवा तारकर्लीचा होमस्टेवाला आपल्याच नावाचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, उघडतो, तर तिथे भलत्याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर असतो. पहिली ऊर्मी असते ती त्याला फोन लावून झापण्याची किंवा 'किती घेणार?' असं विचारण्याची. दोन्ही टाळा. झापलंत तर तो रातोरात साइट बदलेल आणि पुरावा जाईल. किंमत आधी तुम्हीच विचारलीत, तर 'यानं विकण्यासाठीच नाव अडवलं' हा तुमचा मुद्दा ढिला पडतो.

त्या साइटवर तुमच्या नावाने बुकिंगचे किंवा आंब्याचे पैसे उकळले जात असतील, तर तो डोमेनचा वाद नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) गैरवापर-तक्रारीच्या पत्त्यावर ईमेल टाका. वादाच्या निकालाला महिने लागतात, तोवर हंगाम संपतो.

मग पुरावा. डॉट कॉमसाठी आयकॅन या जागतिक डोमेन-संस्थेच्या लुकअप पानावर, डॉट इनसाठी त्या रजिस्ट्रीच्या हूइज (डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या) पानावर डोमेनचं नाव टाका. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. त्याने अडत नाही, कारण डॉट कॉमबद्दल रीतसर तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रार ते नाव लवाद संस्थेला कळवतो. तुम्हाला हवी आहे ती नोंदणीची तारीख. ती तुमच्या धंद्याच्या नावाच्या आधीची असेल, तर डॉट कॉमचा दावा जवळजवळ बुडालाच समजा: जे नाव तेव्हा नव्हतंच, त्यावर डोळा ठेवून कुणी डोमेन कसं घेईल?

म्हणून स्वतःची तारीख पक्की करा. छापखान्याचं पेट्यांच्या छपाईचं जुनं बिल, पेटीवरचं लेबल, परवाना, जुन्या वर्षाची बुकिंगची वही, वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातली तुमची पानं. सगळ्यात बोलका कागद छापखान्याचा, कारण त्यावर नाव आणि तारीख एकत्र असतात आणि तो तिऱ्हाइताने दिलेला असतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. कोर्टात जायचं झालं तर स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते, म्हणून मूळ फाइल कापू-छाटू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: डोमेन अडवलंय कुणी? कोकणात पुष्कळदा उत्तर निघतं, साइट बनवून देणाऱ्यानेच. त्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं, पुढे बिलावरून बिनसलं. हा बहुतांशी कराराचा वाद ठरतो आणि लवाद 'दिवाणी कोर्टात जा' म्हणून तक्रार फेटाळू शकतात. इथे पैसे भरल्याचा यूपीआय किंवा बँकेचा पुरावा लावून लेखी नोटीस द्या आणि दोनच गोष्टी मागा: रजिस्ट्रंट (नोंदणीकृत मालक) म्हणून तुमचं नाव आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायचा गुप्त कोड. त्याचं खरंच काही येणं असेल तर ते चुकतं करा. वर्षभर भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरी शक्यता, नूतनीकरण राहून गेलं. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार नूतनीकरणाला जास्तीत जास्त ४५ दिवसांची वाढीव मुदत देऊ शकतो. काही जण फार कमी देतात. डोमेन डिलीट झालं तरी ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं होतं. या मुदतीत असाल तर वकील शोधू नका, पैसे भरा.

खरोखरच परक्याने अडवलं असेल, तर डोमेनच्या शेपटावरून (डॉट कॉम, डॉट इन) तक्रारीचं दार ठरतं. डॉट कॉमला १९९९ पासूनचं यूडीआरपी हे आयकॅनचं वाद-निवारण धोरण लागू आहे. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव तुमच्या ट्रेडमार्कशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलंही. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादासमोर १ ते ५ डोमेनसाठी १५०० डॉलर शुल्क आहे, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. समोरच्याला उत्तराला २० दिवस मिळतात. निकालानंतर १० कामकाजाचे दिवस थांबून रजिस्ट्रार तो अमलात आणतो. तेवढ्यात समोरचा कोर्टात गेला, तर अंमल थांबतो.

डॉट इन आणि डॉट भारत असेल तर तक्रार निक्सी या डॉट इन चालवणाऱ्या भारतीय संस्थेकडे, तिच्या आयएनडीआरपी या वाद-निवारण धोरणाखाली. इथे वाईट हेतूने 'घेतलं किंवा वापरलं' यातलं एक सिद्ध झालं तरी पुरतं. हा फरक मोठा आहे. लवादाने ६० दिवसांत निवाडा द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात. दोन्हीकडे डोमेन मिळतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई मिळत नाही.

भरपाई किंवा तातडीची मनाई हवी तर कोर्ट. डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात मान्य केलं आहे. ट्रेडमार्क नोंदलेला असेल, तर तुम्ही धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो: ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबाग. नोंदलेला नसेल तर पासिंग ऑफचा (तुमचं नाव वापरून आपला माल तुमचाच म्हणून खपवल्याचा) दावा, आणि त्यासाठी कदाचित समोरच्याच्या गावी जावं लागेल. निव्वळ या एका कारणासाठी नोंदणी करून ठेवावी. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४५०० रुपये आहे. ताजा आंबा ३१ व्या वर्गात, होमस्टे ४३ व्या.

जिथे लोक हमखास हरतात ते आता. 'मालवण', 'हापूस', 'होमस्टे' हे शब्द कुणाच्या बापाचे नाहीत. कुणी या शब्दांना जोडून डोमेन घेतलं आणि खरंच तो धंदा केला, तर त्याला हटवता येत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तो सगळ्या उत्पादकांचा सामाईक हक्क. निव्वळ त्याच्या बळावर यूडीआरपी तक्रार उभी राहत नाही, तिथे ट्रेडमार्कच लागतो. आडनावाचंही तसंच: समोरचा खरोखर त्याच आडनावाचा असेल, तर त्याचा हक्क तुमच्याइतकाच. असं डोमेन ओढायला गेलात, तर उलट तुम्हीच नाव बळकावू पाहता असा शेरा निकालात येऊ शकतो.

डोमेन हाती आलं की त्याच दिवशी खातं स्वतःच्या ईमेलवर घ्या, ट्रान्सफर लॉक (डोमेन दुसरीकडे हलवण्यावरचं कुलूप) लावा, स्वयंचलित नूतनीकरण चालू करा. आणि ओटीपीसाठी घरातल्या माणसाचा नंबर द्या, एजन्सीचा नको.