अँटिबायोटिक सुरू झालं, थांबवणार कोण? रुग्णालयांनी या चुका टाळाव्यात

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. रक्ताच्या कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची) बाटली आली की सोबतच्या फॉर्मवर मी आधी एकच रकाना बघते: अँटिबायोटिक सुरू आहे का? बहुतेकदा तो कोरा असतो. वॉर्डात फोन केल्यावर कळतं, मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकचे तीन डोस जाऊनही झालेत. औषधाने जंतू आधीच दबले, तर पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट जातो आणि वॉर्डात त्याचा अर्थ ‘कल्चरचा उपयोग नाही’ असा घेतला जातो.

नमुना आधी, डोस नंतर. सेप्टिक शॉकमधल्या (संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णाला औषध तासाभरात मिळालंच पाहिजे, पण दोन ठिकाणांहून दोन सेट (बाटल्यांचे दोन संच) रक्त घ्यायला काही मिनिटंच लागतात. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त हवं. बाटल्या रात्री स्टोअरच्या कुलपात असतील तर मात्र रेसिडेंटला दोष देऊ नका; त्या वॉर्डात ठेवा.

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2021-22 मध्ये देशातल्या 20 मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली. भरती रुग्णांपैकी 71.9 टक्के लोकांना अँटिबायोटिक सुरू होतं. त्याहून मला जास्त टोचलेला आकडा वेगळा: दिलेल्या औषधांपैकी 55 टक्के संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती.

शस्त्रक्रियेनंतरची सवय इथेच आडवी येते. चिरा देण्याआधी 60 मिनिटांच्या आत एक डोस, बहुतेकदा सेफाझोलिन. शस्त्रक्रिया लांबली किंवा रक्त खूप गेलं तर आणखी एक. टाके घातल्यावर पुढचे डोस बहुतेक शस्त्रक्रियांत लागत नाहीत, आणि ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आहे हेही ते चालू ठेवायचं कारण नाही. शेवटच्या या दोन गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितल्या आहेत. तरी सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक पाच-पाच दिवस चालतं. सर्जनना परिपत्रक पाठवून हे थांबत नाही. त्यांच्याच युनिटमध्ये किती जखमा चिघळल्या, याची नोंद ठेवा. एका डोसवरच्या रुग्णांच्या जखमा नीट भरताना त्यांना स्वतः दिसल्या की भीती कमी होते.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 48 ते 72 तासांनी कुणीच फेरविचार न करणं. रेसिडेंटला वाटतं, सरांनी सुरू केलंय, मी कसं बंद करू? सरांना वाटतं, रिपोर्ट आला असता तर पोरांनी सांगितलंच असतं. या दोघांच्या मध्ये रुग्ण दहा दिवस सलाईनवर राहतो. औषध लिहितानाच कारण आणि फेरविचाराची तारीख केसपेपरवर लिहा. कारण नोंदवावं, असं पत्र आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना पाठवलं होतं. तारीख आपण जोडायची. त्या दिवशी राउंडवर चारपैकी एक निर्णय व्हावा: थांबवा, साधं औषध द्या, गोळीवर आणा, किंवा चालू ठेवा आणि शेवटचा दिवस लिहा. औषध आपोआप बंद होईल अशी सोय मात्र करू नका. गंभीर रुग्णाचा डोस त्यात चुकू शकतो. फार्मासिस्टने आठवण करावी, निर्णय डॉक्टरचा.

छोट्या चुकाही खूप. मेरोपेनेमसोबत ‘कव्हर’ म्हणून मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक सर्रास दिसतं. त्याचं लक्ष्य असलेल्या अ‍ॅनारोब (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या) जंतूंवर मेरोपेनेम एकटं बहुतेकदा पुरतं. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडले, पण ताप नाही, त्रास नाही, तर उपचार रिपोर्टवर करू नका.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं जशीच्या तशी छापून ‘आमचं धोरण’ म्हणणं हीही चूकच. जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत यावर नजर ठेवणाऱ्या परिषदेच्या 2013 पासूनच्या जाळ्यात बरीचशी मोठी रुग्णालयं आहेत. शंभर खाटांच्या रुग्णालयातले जंतू तसेच वागतील असं नाही. स्वतःचा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो, याचा तक्ता) काढा, पण एका जंतूचे वर्षात 30 नमुनेही नसतील तर टक्केवारी लिहू नका.

आणि मेरोपेनेमवर परवानगीचा फॉर्म लावला की काम झालं असं समजू नका. वापर तिथून उठून पिपरासिलिन-टाझोबॅक्टम किंवा कोलिस्टिन अशा दुसऱ्या अँटिबायोटिकवर जातो. दर 1000 रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस भरती म्हणजे एक रुग्णदिवस) सगळी अँटिबायोटिकं किती दिवस दिली ते एकत्र मोजलंत, तरच ते दिसतं.